घरचा दप्तरदार

बहुतेक मराठी घरांत आरोग्याच्या कागदांची एक पिशवी असते. ती कधीकाळी साड्यांच्या दुकानातून आलेली असते, कपाटाच्या खालच्या कप्प्यात राहते, आणि तिच्यात एक्स-रेची मोठी पाकिटे, रक्ततपासणीचे अहवाल, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, विम्याची पत्रे आणि औषधांची बिले गुण्यागोविंदाने नांदत असतात. डॉक्टरांनी ‘मागचा रिपोर्ट आहे का?’ असे विचारले की ती दवाखान्याच्या बाकावर रिकामी होते. अलीकडे या पिशवीला आणखी शाखा फुटल्या आहेत. काही अहवाल मुलाच्या फोनवर संदेशातून आलेले असतात, काही सुनेच्या ईमेलमध्ये असतात, काही तपासणी केंद्राच्या ॲपमध्ये, तर एमआरआयची चकती अशा काळी हाती येते की ती घालायला घरातल्या एकाही संगणकाला खाच उरलेली नसते.

हा प्रश्न केवळ टापटिपीचा नाही. रक्तातील क्रिएटिनिन आज १.३ आले, याचा अर्थ मागचा आकडा पाहिल्याशिवाय पुरता लागत नाही. पाच वर्षांपूर्वीही ते १.३ असेल तर डॉक्टर एक विचार करतील, वर्षापूर्वी ०.९ असेल तर अगदी वेगळा. छातीत दुखते म्हणून रुग्ण आला आणि ईसीजीत ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ दिसला, तर तो जुना आहे की आजच उद्भवला, हे जाणण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे जुना ईसीजी शेजारी ठेवणे. त्या क्षणी पिशवीतला एक कागद एखाद्या महागड्या तपासणीइतके काम करतो. म्हणून घरच्या नोंदी सांभाळणे हा कुटुंबाच्या आरोग्याचाच भाग आहे.

गेली काही वर्षे एक छंद म्हणून मी घरातील जुन्या लॅपटॉपवर लिनक्स बसवून त्यालाच घरचा सर्व्हर केले आहे. छायाचित्रे, गाणी, मुलांचा अभ्यास अशी पुष्कळ कामे तो करतो. परंतु त्याचे खरे मोल पटले ते आरोग्याच्या कागदांमुळे. या अनुभवातून एक गोष्ट पक्की झाली आहे आणि ती या लेखात सविस्तर मांडायची आहे. घरात ठेवलेले यंत्र हे घराचे असते. छंद असणारा माणूस त्याचा मालक नव्हे, दप्तरदार आहे. आणि दप्तरदाराची परीक्षा तो हजर असताना होत नाही, तो नसताना होते.

जुना लॅपटॉप, नवे काम

लिनक्सचा जन्म १९९१ सालचा. फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने त्या वर्षी संगणकाच्या कार्यप्रणालीचा गाभा लिहिला आणि जगापुढे खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्याच्या जोडीला होतीच. ‘वापरा, पाहा, बदला आणि वाटा’ अशी मुभा देणाऱ्या परवान्यामुळे जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. आज मोठमोठी संगणक केंद्रे त्यावर चालतात आणि आपल्या हातातील अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. आपल्याकडे पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने ‘बॉस’ नावाची भारतीय लिनक्स प्रणाली तयार केली, आणि केरळातील शाळांमध्ये मुले वर्षानुवर्षे लिनक्सवरच संगणक शिकत आहेत. त्यामुळे ‘हे काही आपल्या घराचे काम नव्हे’ असा बिचकण्याचे कारण नाही.

हा विषय आज घराघरांशी जोडला गेला आहे तो आणखी एका कारणाने. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार संपला. नवी आवृत्ती ज्यांवर बसत नाही असे कितीतरी धडधाकट लॅपटॉप त्यामुळे अडगळीच्या वाटेवर आहेत. अशा लॅपटॉपला घरचा सर्व्हर होण्यासाठी फार काही लागत नाही. यंत्रणेची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवावी, शक्य तर रॅम आठ जीबी करावी आणि त्यावर ‘डेबियन’ ही लिनक्सची जुनी, सावकाश बदलणारी शाखा टाकावी. डेबियन १९९३ पासून स्वयंसेवकांच्या बळावर चालत आली आहे. तिच्या स्थिर आवृत्तीला पहिली तीन वर्षे पूर्ण आधार आणि त्यापुढे दोन वर्षे मुख्यतः सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. घरच्या कामाला हीच संथ चाल मानवते. नवनव्या गोष्टींचा सोस रोजच्या लॅपटॉपवर भागवावा; जिथे आईवडिलांचे अहवाल आहेत तिथे कंटाळवाणी प्रणालीच उत्तम.

घरातील मंडळींनी ज्यासमोर बसून काम करायचे त्या संगणकासाठी मात्र ‘लिनक्स मिंट’ मला अधिक सोयीची वाटली. तिचा चेहरामोहरा जुन्या विंडोजची सवय असलेल्यांना परका वाटत नाही. मराठी टंकलेखनाची सोय लिनक्समध्ये मुळातच असते. इन्स्क्रिप्ट कळफलक निवडला की वेगळे काही विकत घ्यावे लागत नाही.

कागद टिकणे आणि कागद वाचता येणे

पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे हजारो रुमाल जपून ठेवले आहेत. त्यांतील बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. कागद शाबूत आहेत, शाई टिकली आहे. वाचणारे मात्र मोजके उरले आहेत. संगणकावरील नोंदींचेही हेच होते. फाइल असते, पण ती उघडणारे ॲप बंद पडलेले असते. म्हणून घरच्या दप्तराचा पहिला नियम असा, की प्रत्येक नोंद सर्वत्र उघडेल अशाच रूपात ठेवावी. लिखित कागदांसाठी पीडीएफ, आणि त्यातही दीर्घकाळ जतनासाठी २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले ‘पीडीएफ/ए’ हे रूप सर्वांत भरवशाचे.

आमच्या घरी या कामासाठी ‘पेपरलेस-एनजीएक्स’ नावाचा मुक्त प्रोग्राम आहे. फोनने किंवा स्कॅनरने कागदाची प्रतिमा घेतली की तो ती वाचतो, तारीख ओळखण्याचा प्रयत्न करतो, शब्दांवरून शोधण्याजोगी करतो आणि मूळ प्रतीबरोबर पीडीएफ/ए रूपातील दुसरी प्रतही ठेवतो. अक्षरे ओळखण्याचे काम ‘टेसरॅक्ट’ करते. हे साधन १९८० च्या दशकात ह्युलेट-पॅकार्ड कंपनीत जन्मले आणि २००५ मध्ये खुले झाले. त्याला मराठीही येते. छापील अहवाल, मग तो इंग्रजी असो वा मराठी, ते बऱ्यापैकी वाचते. डॉक्टरांचे हस्ताक्षर मात्र त्याला लागत नाही. ते औषधाच्या दुकानदारालाच लागते. त्यामुळे हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला नाव, तारीख, डॉक्टर आणि कारण या चार गोष्टी आपणच जोडाव्या लागतात. प्रत्येकी अर्धा मिनिट जातो; परंतु पुढे शोधताना तोच अर्धा मिनिट कामी येतो.

या प्रोग्रामचा मला सर्वांत मोलाचा वाटलेला गुण वेगळाच आहे. तो सगळे कागद साध्या फोल्डरांत, आपण ठरवलेल्या नावांनी ठेवू शकतो. उद्या प्रोग्राम बंद पडला, तरी ‘बाबा / २०२४ / ईसीजी’ असा फोल्डर कुठल्याही संगणकावर उघडता येईल. घरासाठी कोणतेही साधन निवडताना हा प्रश्न आधी विचारावा: हे साधन नाहीसे झाले तर माझ्या हातात काय उरेल?

दोन प्रकारच्या कागदांना विशेष घाई असते. पहिला, उष्णतेने उमटणाऱ्या कागदावरील ईसीजी आणि बिले. हा कागद काही वर्षांत फिका पडतो. प्लास्टिकच्या पिशवीत आणि उन्हाजवळ तर लवकरच. कपाटातील ईसीजी आजच काढून पाहा. रेषा दिसत असतील तर आजच त्यांची प्रतिमा घ्या. दुसरा प्रकार एमआरआय, सीटी स्कॅनच्या चकत्यांचा. त्यांतील चित्रे ‘डायकॉम’ या वैद्यकीय मानकात असतात. चकतीसोबत येणारा चित्रे दाखवणारा प्रोग्राम सहसा विंडोजपुरता असतो. परंतु डायकॉम हे खुले मानक असल्याने लिनक्सवरही ती उघडणारी मोफत साधने आहेत. बेल्जियममधील लिएज येथील विद्यापीठ रुग्णालयात २०१२ च्या सुमारास आकाराला आलेला ‘ऑर्थँक’ हा लहानसा सर्व्हर अशा चित्रांसाठीच आहे. घरापुरते पाहता तोही लागत नाही. चकतीतील सर्व फाइली जशाच्या तशा एका फोल्डरमध्ये उतरवून ठेवल्या तरी पुरे. मात्र ‘फक्त अहवालाचा कागद ठेवला, चित्रे नाहीत’ असे करू नये. दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेताना त्यांना चित्रे पाहायची असतात.

काय घरी, काय बाहेर

छंद जडला की प्रत्येक गोष्ट घरच्या यंत्रावर आणावीशी वाटते. इथेच विवेक लागतो. आमच्या घरी कागदपत्रे, छायाचित्रे आणि गाणी घरच्या यंत्रावर आहेत. छायाचित्रांसाठी ‘इमिच’ आहे. आजीला नातवाचे जुने फोटो पाहण्यासाठी आता कुणाच्या फोनची वाट पाहावी लागत नाही. ‘पाय-होल’ नावाचे साधन घरातील सर्व फोन आणि टीव्हींच्या पुष्कळशा जाहिराती त्यांच्या पत्त्यावरूनच अडवते. मुलांच्या खेळांत मध्येच उगवणाऱ्या जाहिराती त्यामुळे कमी झाल्या. तथापि ते सर्वच जाहिराती थांबवू शकत नाही. ज्या सेवा जाहिराती आणि चित्रफिती एकाच पत्त्यावरून पाठवतात तिथे त्याचा इलाज चालत नाही. आणि मुलाने पडद्यापासून उठावे, हे काम तर ते मुळीच करत नाही. ते काम पालकांचेच.

ईमेल मात्र मी घरी आणलेले नाही. स्वतःचा ईमेल सर्व्हर चालवणे म्हणजे रोजची राखण. आणि रुग्णालयाचे पत्र एक दिवस पोहोचले नाही, तर त्याची किंमत घरातल्या दुसऱ्यालाच मोजावी लागते. औषधांच्या वेळाही यंत्रावर सोपवलेल्या नाहीत. त्यासाठी सकाळ-दुपार-रात्र अशा कप्प्यांची डबी आणि फोनमधील साधा गजर आहे. दाराच्या कुलुपाला, गॅसला वा आजाऱ्याच्या कोणत्याही उपकरणाला घरचा सर्व्हर जोडलेला नाही. ज्या गोष्टीवर जीव अवलंबून आहे ती छंदाच्या हवाली करू नये, ही माझी सीमारेषा आहे.

घरचे यंत्र इंटरनेटवरून सर्वांना दिसेल असेही ठेवलेले नाही. बाहेरून पोहोचायचेच असेल तर ‘वायरगार्ड’सारख्या कूटबद्ध वाटेने जावे. परंतु रुग्णालयाच्या तळघरात, जिथे फोनला रेंज नसते, तिथे ही वाटही निरुपयोगी. म्हणून प्रत्येक प्रौढाच्या फोनमध्ये ‘तातडी’ नावाचा एक फोल्डर आहे. ‘सिंकथिंग’ हे साधन घरच्या वायफायवर त्यातील मजकूर ताजा ठेवते आणि तो इंटरनेटशिवाय उघडतो. त्यात प्रत्येकाचे एकेक पान आहे: नाव, वय, रक्तगट, आजार, औषधांची मूळ नावे आणि मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, झालेल्या शस्त्रक्रिया, स्टेंट वा पेसमेकर असल्यास त्याचे कार्ड, नेहमीच्या डॉक्टरांचा क्रमांक आणि विम्याचा तपशील. पेसमेकरचे कार्ड विशेष जपावे. एमआरआयपूर्वी ते पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

वीज, डिस्क आणि तीन प्रती

पडदा मिटून ठेवलेला जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून साधारण १५ वॅट खातो असे धरले, तर चोवीस तासांत ०.३६ युनिट आणि तीस दिवसांत १०.८ युनिट वीज लागते. आपल्या दराने गुणाकार करून प्रत्येकाने आपला हिशेब काढावा. लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असल्याने थोड्या वेळाच्या भारनियमनात तो बंद पडत नाही, हा त्याचा मोठा फायदा. परंतु वर्षानुवर्षे चार्जरला लावून ठेवलेली जुनी बॅटरी फुगू शकते. लॅपटॉपचे बूड किंवा कळफलक वर आलेला दिसला तर तो तत्काळ बंद करून बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यावी. यंत्र गादीवर, कपड्यांच्या कपाटात वा पडद्यामागे कोंडू नये; मोकळ्या, कोरड्या जागी, मुलांच्या हातापासून दूर ठेवावे. कोकणासारख्या दमट हवेत राहणाऱ्यांनी पावसाळ्यात हे अधिक पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एकाच यंत्रावर ठेवलेली नोंद ही नोंद नव्हेच. जाणकार मंडळी ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात: एकूण तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक घराबाहेर. आमच्याकडे पहिली प्रत सर्व्हरवर आहे, दुसरी कपाटातील हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावातील बहिणीच्या घरी. सणावाराला जाणे होते तेव्हा डिस्कांची अदलाबदल होते. फराळाच्या डब्यांबरोबर डिस्क जाते आणि येते. बाहेर जाणारी डिस्क कूटबद्ध केलेली असते, म्हणजे बसमध्ये विसरली तरी आईचे अहवाल कुणा परक्याच्या हाती लागत नाहीत.

दोन ठिकाणी एकाच वेळी बदलणारी माहिती हा बॅकअप नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. एका फोनवर फाइल खोडली की ती जोडलेल्या दुसऱ्या फोनवरूनही जाते. बॅकअप म्हणजे कालची, मागच्या महिन्याची अवस्था परत मिळवता येणे. आणि ती खरोखर परत मिळते का, हे वर्षातून दोनदा फाइल काढून पाहावे.

घरातल्या घरात गुपिते

माहिती परक्या कंपनीच्या हाती नको, म्हणून ती घरी ठेवावी, असे आपण म्हणतो. ते योग्यच आहे. परंतु घरी ठेवली म्हणजे ती घरातील एका माणसाच्या हाती आली, हे सहसा कुणी बोलत नाही. सर्व्हर चालवणाऱ्याला सारे काही दिसू शकते. वहिनींच्या स्त्रीरोगतज्ज्ञांचा अहवाल, काकांची मानसोपचाराची औषधे, सतरा वर्षांच्या मुलीने डॉक्टरांना एकटीने विचारलेला प्रश्न, हे सारे त्याच्या एका क्लिकवर असते. जाहिराती अडवणारे साधन तर घरातील कुठल्या उपकरणाने कोणत्या वेळी कोणता पत्ता उघडला याची यादीच ठेवते. रात्री दोन वाजता घरात कुणी एखाद्या आजाराचे नाव शोधत असेल, तर ते समजून घेण्याचा अधिकार यादी चाळणाऱ्याला मिळतो का?

डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी भारतात २०२३ मध्ये कायदा झाला. परंतु व्यक्तीने घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू होत नाही. म्हणजे चार भिंतींच्या आत कायदा नाही. मर्यादा आहे ती फक्त आपल्या सभ्यतेची. जुने फॅमिली डॉक्टर एकाच घरातील सासू आणि सून दोघींचे ऐकत आणि एकीचे दुसरीला सांगत नसत. घरच्या दप्तरदाराने तोच वसा घ्यावा.

यासाठी काही व्यवहार्य गोष्टी करता येतात. प्रत्येक प्रौढाचे स्वतंत्र खाते आणि स्वतंत्र पासवर्ड असावा. सर्वांनी पाहायचे कागद कोणते, हे ज्याचा कागद त्याने ठरवावे. पाय-होलमध्ये गोपनीयतेच्या पायऱ्या असतात. त्यांतील सर्वांत वरची निवडली की कुणी काय उघडले याची नोंदच राहत नाही. आमच्या घरी ती निवडलेली आहे आणि ते सर्वांना दाखवूनही दिले आहे. ज्याला आपला एखादा अहवाल सर्व्हरवर नकोच असेल, त्याला कारण न विचारता स्वतःच्या फाइलीत, कागदावर ठेवू द्यावा. मुले मोठी होत जातील तशी त्यांची खाती त्यांच्या हवाली करावीत. घरातील माणसाला आपल्यावर पाळत आहे असे वाटू लागले, तर तो आपली दुखणी लपवू लागेल. आणि लपवलेल्या दुखण्याला सर्वांत नीटनेटके दप्तरही उपयोगी पडत नाही.

दप्तरदार नसताना

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. समजा, ज्याने हे सारे उभारले तोच अपघाताने वा आजाराने रुग्णालयात आहे. त्याचा विमा, त्याचे जुने अहवाल, त्याच्या औषधांची यादी सर्व काही सर्व्हरवर आहे, आणि सर्व्हरचा पासवर्ड त्याच्या डोक्यात आहे. घरातील इतरांच्या दृष्टीने साड्यांच्या दुकानाची ती पिशवी यापेक्षा शतपटीने बरी होती. संपूर्ण डिस्क कूटबद्ध असेल तर आणखी एक गोष्ट होते: वीज बराच काळ गेली आणि यंत्र पुन्हा सुरू झाले, की ते परवलीचा शब्द मागत थांबते. तो कुणालाच ठाऊक नसेल, तर घरात केवळ एक बंद डबा उरतो.

म्हणून आमच्या घरी दर सहा महिन्यांनी एक रंगीत तालीम होते. रविवारी सकाळी चहा झाला की मी घराबाहेर पडतो. घरच्यांनी ठरलेला एक कागद काढायचा असतो. उदाहरणार्थ, बाबांचा २०१९ सालचा ईसीजी किंवा धाकट्याच्या लसीकरणाचे कार्ड. फोन करून मला विचारायचे नाही. पहिल्याच तालमीत एक सुंदर गोष्ट समोर आली. आई ‘लिपिड प्रोफाइल’ असे कधीच शोधत नाही. ती ‘कोलेस्टेरॉल’ असे शोधते. बाबा ‘टूडी इको’ला ‘हृदयाची सोनोग्राफी’ म्हणतात. तेव्हापासून कागदांना लावायच्या खुणा घरच्या बोलीत आहेत. दप्तराची भाषा ते वापरणाऱ्याची असावी, हा धडा कुठल्याही तांत्रिक पुस्तकापेक्षा आईने अधिक स्पष्ट शिकवला.

सर्व्हरशेजारच्या भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. यंत्र बंद कसे करायचे, चालू कसे करायचे, कागद कुठे पाहायचे आणि काहीच जमले नाही तर कपाटातील डिस्क कोणत्याही संगणकाला कशी जोडायची, एवढ्या चार गोष्टी त्यावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिल्या आहेत. पासवर्ड एका मोहोरबंद पाकिटात, दागिने आणि मृत्युपत्र जिथे असते तिथे ठेवले आहेत. पाकीट फोडले गेले तर कळते. त्यानंतर पासवर्ड बदलता येतात. आणि ‘तातडी’च्या पानांची छापील प्रत पूर्वीच्याच पिशवीत आहे. पिशवी आम्ही टाकलेली नाही. वीज, फोन आणि मी, हे तिन्ही एकाच दिवशी गैरहजर असले तरी ती हजर असेल.

या व्यवस्थेशी सरकारी व्यवस्थेचे वैर नाही. आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झाले आणि त्यातून मिळणारा चौदा अंकी ‘आभा’ क्रमांक अनेकांनी घेतला आहे. ज्या रुग्णालयांतून त्या क्रमांकाला नोंदी जोडल्या जातात तिथे त्याचा उपयोग जरूर करावा. परंतु जुन्या, कागदी, लहान दवाखान्यांतल्या नोंदी आपल्यालाच सांभाळायच्या आहेत.

छंदाची मर्यादा

ज्याला हा छंद लागतो त्याच्या प्रकृतीविषयीही दोन शब्द. बिघडलेले यंत्र मध्यरात्री दुरुस्त करण्यात एक विलक्षण नशा असते. ‘एवढे एकच करून झोपतो’ असे म्हणता म्हणता पहाट होते. त्यावर घरात एक साधा नियम आहे: रात्री दहानंतर सर्व्हरला हात लावायचा नाही, आणि मोठे बदल सुटीच्या सकाळीच करायचे. सुरक्षेच्या लहान दुरुस्त्या डेबियन आपणहून बसवून घेते. कपाटात कागद आणि डिस्कवर प्रत असल्यामुळे यंत्र रात्रभर बंद राहिले तरी काहीही अडत नाही. ज्या घरी सर्व्हर बंद पडल्यावर माणसाची झोप उडते, तिथे यंत्राची मांडणी पुन्हा तपासायला हवी.

या छंदाने मला पुष्कळ आनंद दिला आहे. टाकून द्यायच्या यंत्रात जीव फुंकण्याचा, न समजलेली गोष्ट सावकाश समजण्याचा, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या अनोळखी माणसाने लिहिलेले साधन आपल्या आईच्या उपयोगी पडताना पाहण्याचा. परंतु ज्यांना लिनक्सचे नावही घ्यायचे नाही, त्यांनाही दप्तराचे सर्व नियम लागू आहेत. एक डिस्क, एक फाइल आणि एक पिशवी एवढ्यावरही ते पाळता येतात.

या पंधरवड्यासाठी

पुढील अंक हाती येईपर्यंत चार गोष्टी कराव्यात. घरातील ईसीजी शोधून त्यांच्या प्रतिमा घ्या. जुन्या चकत्यांतील चित्रे, ज्याच्याकडे चकतीची खाच आहे अशा संगणकावरून उतरवून घ्या. घरातील प्रत्येक ज्येष्ठाचे ‘तातडी’चे एक पान लिहा आणि औषधांची नावे वेष्टनावरून पाहूनच नोंदवा. आणि चौथी, सर्वांत महत्त्वाची: घरातील कागद सांभाळणारी व्यक्ती जी कोणी असेल, ती घरी नसताना एक कागद शोधून पाहा. सापडला, तर तुमचे दप्तर सुस्थितीत आहे. सापडला नाही, तर कोणतेही यंत्र आणण्याआधी आधी एकत्र बसून बोलायला हवे.